वायर निघाली होती

मास्तरांनी कार्ड उंच धरलं, माइक तोंडाशी ओढला आणि नेहमीच्या करारी सुरात वाचलं, "दहापैकी साडेनऊ. प्रत्येक सूर मण्यासारखा सुटा. इतका स्वच्छ बेस या स्टेजवर मी आजवर ऐकला नव्हता."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं सभागृह हसायला लागलं. बाल्कनीतल्या पोरांनी तर खुर्च्यांच्या पाठी बडवायला सुरुवात केली. ज्याला साडेनऊ गुण मिळाले तो स्टेजवर मान खाली घालून उभा होता आणि त्याचे कान लालबुंद झाले होते. मास्तर इकडेतिकडे बघत राहिले. आपली पँट फाटली की काय अशी शंका येऊन त्यांनी हळूच मागे हात लावूनसुद्धा पाहिला. पँट शाबूत होती.

शेजारच्या परीक्षक, एक वयस्क गायिका, रुमालाआडून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही म्हणजे अगदी..." पुढे त्यांना हसू आवरेना.

"अगदी काय?" मास्तरांनी विचारलं.

आता हे मास्तर कोण ते सांगायला हवं, नाहीतर इथे हसायचं की हळहळायचं हे तुम्हालाही ठरवता येणार नाही. मास्तर बेस गिटार शिकवायचे. बेस म्हणजे बँडमधली चार जाड तारांची ती गिटार, जिच्याकडे प्रेक्षकांतलं कुणी ढुंकूनही बघत नाही, पण जी थांबली की गाणं एकदम अनवाणी झाल्यासारखं वाटतं. पंक्चरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. एक खोली, भिंतीवर टांगलेल्या गिटारी, एक उंच स्टूल आणि एक जुना अ‍ॅम्प्लिफायर. त्या अ‍ॅम्प्लिफायरवर कुणी चहाचा कप ठेवला, तर मास्तर कपासकट त्याला जिन्यात उभं करत. तरुणपणी ते एका प्रवासी बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचे. तिथेच ते बेस शिकले, तिथेच दणक्या नावाचा ड्रमवाला मित्र भेटला, आणि बोट सुटली तरी दणक्या काही सुटला नाही.

मास्तरांचं सगळं शास्त्र बोटांचं. एका बोटाला दांडीवरची एकच आडवी पट्टी, म्हणजे एकच पडदा, अंगठा दांडीच्या मागे सरळ, करंगळी कामाला लागलेली. "ज्याचं बोट आळशी, त्याचा सूर आळशी," हे त्यांचं ब्रीद. नवा विद्यार्थी आला की ते डोळे बारीक करून त्याच्या हाताकडे बघायचे आणि म्हणायचे, "तिसरं बोट झोपलंय बघ तुझं." आणि ते खरंच झोपलेलं असायचं. त्यामुळे दर वर्षीच्या स्पर्धेत बेसवाल्यांच्या फेरीला गुण द्यायला मास्तरांशिवाय दुसरं नाव कुणाला सुचत नसे.

पटायचं नाही ते फक्त दणक्याला. चांगला बेसवाला कुणाला म्हणायचं यावरून त्या दोघांचं जन्माचं भांडण होतं. "मास्तर, बोटंच बघायची असतील तर टायपिंगच्या परीक्षेला जाऊन बस," दणक्या म्हणायचा. "बेसवाला भारी आहे का, ते ऐकणाऱ्याकडे बघून कळतं. त्याचे हातपाय त्याच्या ताब्यात राहत नाहीत." यावर मास्तर म्हणायचे, "हातपाय तर ताप आला तरी ताब्यात राहत नाहीत." मग दोघंही चहा प्यायचे आणि कुणीच हरायचं नाही.

त्या दिवशी, फेरी संपल्यावर, हाच दणक्या धावत आला आणि त्याने मास्तरांना मिठीच मारली. फेरीतल्या सगळ्या बेसवाल्यांच्या साथीला ड्रमवर तोच होता.

"शेवटी कबूल केलंस! भर सभेत! अरे, नुसत्या बोटांना साडेनऊ! यापेक्षा जबरदस्त टोला मी जन्मात ऐकला नाही."

मास्तर कसनुसं हसले. आणखी चारजण आले, पाठ थोपटून गेले. "मानलं मास्तर," एकजण म्हणाला, "तंत्रवाल्यांची चांगली जिरवलीत." मास्तर 'हो हो' म्हणत राहिले. आपण कुणाची आणि कशाने जिरवली, हे मात्र त्यांना काही केल्या उमगेना.

बाहेरच्या बोळात, तिकीटखिडकीपाशी, त्यांची मुलगी उभी होती. खांद्यावर तिचा स्वतःचा बेस. तीही स्पर्धेत होती. परीक्षकाचं नात्यातलं माणूस स्टेजवर आलं की परीक्षकाने टेबल सोडायचं, असा स्पर्धेचा नियम. मास्तर तिच्या वेळी टेबलच काय, सभागृहच सोडून चहा प्यायला गेले होते. नियम म्हणजे नियम, असं ते सांगत. पण खरं कारण जुनं होतं. तिचा पहिला कार्यक्रम पाहून आल्यावर त्यांनी घरी, ताटावर बसल्या बसल्या सांगितलं होतं, "दोनच सूर वाजवतेस तू. बोटं जागची हलत नाहीत. याला वादन म्हणत नाहीत, पोरी." त्यानंतर तिने आपला बेस मैत्रिणीकडे नेऊन ठेवला. ती औषधाच्या दुकानात नोकरी करायची, सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवायची, घरी सगळ्या विषयांवर बोलायची. त्या एका विषयावर मात्र तिने बापापुढे पुन्हा तोंड उघडलं नव्हतं.

आज उघडलं. "बाबा, सुसाटची वायर निघाली होती."

सुसाट म्हणजे तो लाल कानांचा मुलगा. त्याची बोटं अशी पळायची की दुसरं नाव त्याला शोभलंच नसतं.

"कुठली वायर?"

"अ‍ॅम्प्लिफायरची. सुरुवातीलाच त्याचा पाय अडकला आणि निघाली. मधेच थांबलं तर बाद, म्हणून तो नुसती बोटं फिरवत राहिला. साउंडवाला भलतीकडेच शोधत बसला. शेवटपर्यंत बेसचा एक सूर कुणाला ऐकू आला नाही. नुसते ड्रम वाजत होते."

मास्तरांचं तोंड सवयीने चालत राहिलं. "मग? माहीत होतं की मला. गंमत केली मी."

"तुम्ही स्पर्धेत गंमत करत नाही," ती म्हणाली. "तुम्ही घरीसुद्धा करत नाही."

आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. राग नव्हता. ती घाबरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी क्लासचं दार आतून लावलं. बेस घेतला, वायर जोडली, जोडली आहे ना ते दोनदा ओढून पाहिलं आणि सगळ्यात जाड तार छेडली. बोट तारेवरून निसटल्याचा टिचकीएवढा आवाज आला. बस्स. त्यांनी बटण थोडं फिरवलं. टिचकी मोठी झाली. आणखी फिरवलं. टिचकी आणखी मोठी झाली. टिचकीच्या मागून जे यायला हवं होतं, पोटातून उठल्यासारखं, ते काही येईना. मास्तरांनी बटण पार टोकापर्यंत नेलं आणि तार जीव खाऊन ओढली.

खालून पंक्चरवाल्याची आरोळी आली. ती त्यांना शब्दन्‌शब्द ऐकू आली. "मास्तर! माझा पाना पडला फळीवरून! भिंत पाडता का काय!"

मास्तर जिना उतरून खाली गेले. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून पंक्चरवाला एकदम नरमला. "तसं नाही हो, चालू द्या तुमचं. पण आवाज दर वर्षी थोडाथोडा वाढतोय. आता तर दुपारी डबा खाताना पाण्याचा पेला सरकतो माझा. म्हटलं, मोठा माणूस, कलावंत, कसं सांगायचं."

"किती वर्षांपासून वाढतोय?"

"ते आता काय सांगू? माझे केस काळे होते तेव्हापासून."

मास्तर त्याच्यापुढच्या टायरवर मटकन बसले. मटकन बसणं म्हणजे काय ते पंक्चरवाल्याने तेव्हा प्रत्यक्ष पाहिलं. त्याने हवेचा पंप बंद केला आणि धावत जाऊन पाणी आणलं.

कानाच्या तपासणीला बायको सोबत आली. मास्तरांची बायको पडदे आणि कपडे शिवून द्यायची. गाण्याबजावण्यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ती चारचौघांत बेधडक सांगायची. नवऱ्याचं वादन तिच्या लेखी शिलाई मशीनसारखंच, घरात वाजणारं एक यंत्र. काचेच्या खोलीत मास्तरांच्या कानांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं. ऐकू आलं की दाबायचं. बारीक, टोकदार आवाज आले तेव्हा मास्तरांनी पटापट बटण दाबलं. पैकीच्या पैकी. मग ते बसूनच राहिले. त्यांना वाटलं, यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी काहीतरी फिरवत होती, त्यांच्याकडे बघत होती, पुन्हा फिरवत होती. यंत्र अजिबात बंद पडलं नव्हतं.

"गंमतच आहे," बाहेर आल्यावर ती म्हणाली, आणि मास्तरांच्या अंगावर काटा आला. गंमत हा शब्द त्यांना आता सोसत नव्हता. "लोकांचं वरचं आधी जातं, किलबिल वगैरे. तुमचं उलट आहे. वरचं सगळं तरण्याताठ्या माणसासारखं, आणि खालचं, जाड आवाजांचं, जवळजवळ काहीच नाही. बोलणं कळत असल्यामुळे अशा माणसांना पत्ताच लागत नाही. डॉक्टर बघतील, कानाच्या यंत्राचा थोडाफार उपयोग होईलही. पण तसं अडत नसेल ना तुमचं काही? काम काय करता आपण?"

मास्तर आपल्या बोटांकडे बघत राहिले. शेवटी बायकोच म्हणाली, "शिकवतात."

घरी येताना बायको एकदम म्हणाली, "म्हणून तो फ्रिज!"

"काय फ्रिज?"

"आणला त्या दिवसापासून तो गुरगुरतोय. आणि तुम्ही आल्यागेल्याला सांगता, काय शांत आहे बघा, चालू आहे की नाही कळत नाही. मला वाटायचं, फसवले गेलात म्हणून झाकायला बोलता. आणि गल्लीत ट्रक आला की मी ओरडते, बाजूला व्हा, तर तुम्ही आपले मधोमध. मला वाटायचं, डोक्यात गाणं चालू असेल." ती रस्त्यातच थांबली. "अहो, मी माणसाला तंद्री लागते समजून इतकी वर्षं गप्प बसले!"

हल्लीच्या पोरांना आवाजच नाही, सगळे मेले नाकात बोलतात, असं मास्तर कितीदा तरी म्हणाले होते. पोरांचे आवाज चांगले घोगरे होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो एवढा गडद असेल असं मास्तरांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. बेस शिकवणाऱ्याला बेस ऐकू येत नव्हता. त्याला ऐकू यायची ती टिचकी, बोटांचा खडखडाट, तारेची खरखर. म्हणून त्याला बोटं आवडायची, आणि स्टेजवर ड्रमच्या गोंगाटात टिचकी बुडाली की तो नुसत्या बोटांवरूनच सूर ठरवायचा. ते शास्त्र बोटीवर शिकलेलं होतं की पुढे बहिरेपणानेच शिकवलेलं, हे आता त्याचं त्यालाही सांगता येईना. शेवटचा खालचा सूर आपण नक्की कधी ऐकला, हे आठवायचा मास्तरांनी खूप प्रयत्न केला. बोटीवरचे सूर आठवत होते, ते खरेच ऐकलेले होते. त्यानंतरचे आठवायला गेले की फक्त हात आठवत होते. कितीतरी मुलांचे हात.

दणक्याला त्यांनी गाठलं आणि सरळ विचारलं, "माझ्या क्लासची पोरं वाजवतात कशी? खरं सांग."

दणक्याने मान खाजवली. "आता खरं म्हणतोस तर... बोटं देखणी असतात. पण सगळे तुझ्यासारखं बटण खरखरीवर ठेवतात. खाली काही येतच नाही. बँडवाले म्हणतात, मास्तरांचा चेला घेतला तर बेसवाला वेगळा शोधावा लागतो." तो हसला, आणि मास्तरांचा चेहरा पाहून त्याचं हसू विरलं. "का रे? काय झालं?"

मास्तरांनी सांगितलं. दणक्याचा आ वासलेलाच राहिला. भांडणात जिंकलेला माणूस इतका दुःखी झालेला कुणी पाहिला नसेल. "म्हणजे ते साडेनऊ..." तो म्हणाला आणि त्याने डोक्याला हात लावला. "अरे देवा. मी हसलो रे."

मुलीला सांगायला मास्तर तिच्या दुकानात गेले. गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभे राहिले, पाळी आली तेव्हा काउंटरवर तपासणीचा कागद ठेवला. तिने तो एखादी चिठ्ठी वाचावी तसा वाचला. मग शेजारणीला "दोन मिनिटं बघ गं" सांगून ती त्यांना मागच्या खोक्यांच्या खोलीत घेऊन गेली.

"मला संशय होता," ती म्हणाली. "तुम्ही मला शिकवत होता तेव्हा एकदा माझी जाड तार पार उतरली होती. आठवडाभर मी तशीच वाजवली. तुम्ही रोज माझा अंगठा नीट करत होता. मला वाटलं, मला कधी कळतं ते बघताय." तिने कागदाची घडी घातली. "आणि लहानपणी ढग गडगडले की मी पळत तुमच्याकडे यायचे. तुम्ही आपले पेपर वाचत. मला वाटायचं, माझे बाबा कश्शाला म्हणून घाबरत नाहीत."

तेव्हापासून! म्हणजे तिचं वादन वाईट हा निकाल त्यांनी ज्या कानांनी दिला होता, त्या कानांत तिचा एक सूर कधी शिरलाच नव्हता. आरोपीचं म्हणणं न ऐकताच फाशी द्यावी तसं झालं होतं.

"पोरी," ते म्हणाले, "तू छान वाजवतेस."

"नको," ती पटकन म्हणाली, आणि तिचा आवाज कापला. "ते नको, बाबा. दोन सूरवाली म्हणालात ना, तेव्हा निदान मनापासून बोलला होतात. आता दया म्हणून छान म्हणाल आणि मला आयुष्यभर कळणार नाही. त्यापेक्षा काहीच म्हणू नका."

तिला खरं मत हवं होतं. तेवढी एकच गोष्ट द्यायला त्यांच्याजवळ साधन नव्हतं.

अंतिम फेरीला सभागृह तुडुंब भरलं. वायरीचा दोष वायरीचा, असं ठरवून आयोजकांनी सुसाटलाही घेतलं होतं. आणि मास्तरांच्या त्या टोल्याची गावभर इतकी चर्चा झाली होती, की निम्मे लोक तर ते आज काय बोलतात हे ऐकायलाच आले होते. मास्तर माइकपाशी गेले.

"मला एक सांगायचंय," ते म्हणाले. "मला बेस ऐकू येत नाही. गेली कित्येक वर्षं नाही. त्या दिवशी वायर निघाली होती हे मला कळलंच नाही. त्यामुळे मी आज कुणालाही गुण देणार नाही."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मास्तर दचकून मागे सरले. लोक पोट धरधरून हसत होते. "वाहवा मास्तर!" बाल्कनीतून आरोळी आली. गायिका बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काय चेहरा ठेवलात हो, अगदी खरं वाटलं!" मास्तर थक्क झाले. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य त्यांनी उच्चारलं होतं, आणि लोकांनी त्याला दाद दिली होती. सभागृहात फक्त तीन माणसं हसली नाहीत. ड्रममागे बसलेला दणक्या, पडद्याच्या कडेला उभी असलेली मुलगी, आणि तिसऱ्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसलेली बायको.

खरं सांगूनही कुणी ऐकत नाही म्हटल्यावर मास्तरांचा जुना ताठा उसळला. त्यांनी आपली खुर्ची उचलली, टेबलापुढे आणली आणि स्टेजकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून बसले. पुन्हा हशा पिकला. पिकू दे. निदान बोटं तरी दिसणार नव्हती.

आधी सुसाट आला. वायर काळ्या पट्टीने गुंडाळून गुंडाळून पक्की केलेली. मास्तरांनी लोकांकडे पाहिलं. माना उंचावलेल्या, तोंडं उघडी, जादूचे प्रयोग बघतात तशी. मधे कुठेतरी सुसाटने वेग सोडून दिला असावा, कारण एक अख्खी रांग हळूच मागे रेलली, आणि एका म्हाताऱ्याने डोळे मिटले. म्हणजे पोराच्या बोटांत नुसता पळ नव्हता, त्याला थांबताही येत होतं. हे मास्तरांनी इतक्या वर्षांत कुणाकडे मागितलंच नव्हतं.

मग मुलगी आली. नियमाप्रमाणे मास्तरांनी टेबल आधीच सोडलं होतं. आज ते चहाला गेले नाहीत.

दणक्याची झांज वाजली, ती त्यांना स्पष्ट ऐकू आली. झांजेखाली काहीच नव्हतं, पोकळी होती. आणि त्या पोकळीत बायकोचा उजवा पाय हलला. मास्तरांनी श्वास रोखला. तो पाय त्यांच्या जन्माच्या ओळखीचा होता. मशीनच्या पायट्यावर तो तासन्‌तास चालायचा आणि आपल्याच चालीने चालायचा, घरात कितीही बेस वाजला तरी त्याने कधी दाद दिली नव्हती. मास्तरांच्या बेसला नाही, त्यांच्या एकाही चेल्याला नाही. आज तो पाय सभागृहाच्या फरशीवर नसलेला पायटा दाबत होता. झांजेबरोबर नाही. झांजेच्या किंचित मागे, रेंगाळत, आरामात. बाईला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता, ती आपली पर्सचा बंद धरून लेकीकडे बघत होती. मास्तरांनी शेजारी पाहिलं. शेजारच्या माणसाचा गुडघा त्याच जागी पडत होता. पलीकडच्या मुलीची टाच त्याच जागी. सगळी रांग, जिला काही माहीत नव्हतं. पुन्हा, आणि पुन्हा त्याच जागी. दोनच सूर असतील. पण कुणाचा पाय त्यांच्यावाचून पुढे जायला तयार नव्हता.

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पुढच्या रांगेतली माणसं कोपराने एकमेकांना ढोसायला लागली, मास्तर काय नकला करतात बघ.

तेवढ्यात बायकोचा पाय अडखळला. वेळेआधी पडला, हवेत थबकला, खाली टेकला आणि मेल्यासारखा थांबला. शेजारचा गुडघाही थांबला. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकले. झांज एकटीच वाजत राहिली. मग पायाने हळूच टाच उचलली, जरा वाट पाहिली, आणि पुन्हा पायटा दाबला. शेवटपर्यंत तो मग चुकला नाही.

आत निकाल वाचत होते तेव्हा मास्तर बोळात, तिकीटखिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मुलगी बाहेर आली. तिने त्यांचे ओले डोळे पाहिले आणि लगेच हात वर केला.

"बाबा, प्लीज. छान म्हणू नका."

"छान कसलं?" मास्तर म्हणाले. क्लासातला तो जुना, खडूस सूर त्यांच्या आवाजात आपोआप आला. "मधे घाई केलीस. झांजेच्या मागे राहायचं सोडून पुढे आलीस, मग सुटलंच सगळं. सावरायला किती वेळ घेतलास?"

मुलगी जागच्या जागी खिळली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"ते कुणालाच कळलं नाही," ती म्हणाली. "दणक्याकाका म्हणाले, मलासुद्धा... तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"तुझी आई चुकली," मास्तर म्हणाले.